आधी बेड्या, मग श्वास

1975 साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात विपश्यनेचं शिबिर भरलं. राजस्थानचे तेव्हाचे गृहसचिव राम सिंह स्वतः शिबिर करून आले होते आणि हे कैद्यांपर्यंत न्यायचं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. शिकवायला सत्यनारायण गोयंका. सुरुवातीला काही कैद्यांना आत आणलं, तर त्यांच्या हातापायांत बेड्या. धोकादायक समजले जाणारे कैदी, त्यामुळे तुरुंगाच्या शिरस्त्यात त्यात वावगं काही नव्हतं. गोयंका मात्र अडून बसले. साखळदंडातल्या माणसाला धर्म शिकवायचा कसा? आधी हे काढा. अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा आला, सुरक्षेचं काय यावर बोलणी झाली, आणि शेवटी बेड्या निघाल्या. त्यानंतर आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता बघत राहणं, सुरू झालं.

साधकांच्या वर्तुळात हा प्रसंग वरचेवर सांगितला जातो आणि ‘गुरुजींची करुणा’ म्हणून हात जोडले जातात. मी जन्मभर सरकारी लेखापरीक्षणात नोकरी केली. आमची नजर करुणेवर नंतर जाते, क्रमावर आधी. आधी मंजुरी की आधी खर्च, आधी माल की आधी बिल, यावर आमचे निम्मे आक्षेप उभे असतात. जयपूरच्या प्रसंगात मला दिसतो तो क्रम. आधी लोखंड, मग श्वास. गेली काही वर्षं सरकारांना, कंपन्यांना, शाळांना ध्यानाचं जे प्रेम आलं आहे त्यात नेमका हाच क्रम उलटा झालाय, आणि ध्यान शिकवणारेही त्याला पुरेसा आक्षेप घेत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

ध्यानाचा आचार्य म्हटलं की डोळ्यांसमोर गुहा येते, छाटी येते. या परंपरेचा अलीकडचा इतिहास मात्र भलताच संसारी आहे. गोयंकांच्या गुरुपरंपरेतले ब्रह्मदेशी आचार्य लेडी सयाडो भिक्खू होते, पण त्यांनी शिकवण्याची परवानगी दिली ती सया तेजींना, म्हणजे एका शेतकऱ्याला. कॉलऱ्याच्या साथीत पोटची मुलं गेल्यावर हा माणूस उत्तर शोधत घराबाहेर पडला होता. त्यांचे शिष्य ऊ बा खिन रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. 1941 मध्ये तपासणीच्या दौऱ्यावर असताना वेबू सयाडो या भिक्खूंनी त्यांना सांगितलं, आता शिकव. आणि त्यांचा पहिला विद्यार्थी ठरला एक सहायक स्टेशनमास्तर. 1948 मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा हेच ऊ बा खिन देशाचे पहिले महालेखापाल झाले. आमच्याच जातकुळीतले, म्हणून मला त्यांच्याविषयी जरा जास्त जिव्हाळा आहे हे लपवत नाही.

त्यांनी कचेरीतच कर्मचाऱ्यांना ध्यानाला बसवलं, 1952 मध्ये रंगूनला केंद्र उभारलं आणि तरीही 1967 पर्यंत नोकरी सोडली नाही. एका वेळी दोन-दोन खात्यांचा भार त्यांच्यावर असे. एका रुपयालाही हात न लावणारा अधिकारी अशी त्यांची ख्याती होती. हिशेब खात्यातल्या माणसाला कळेल, या वाक्यात किती साधना आहे. डोळे मिटून तासभर निश्चल बसणं अवघड खरंच, पण कंत्राटदार समोर बसलेला असताना डोळे उघडे ठेवून निश्चल बसणं त्याहून अवघड.

याच ऊ बा खिन यांच्याकडे 1955 मध्ये एक तरुण मारवाडी व्यापारी आले, जन्मानं मंडालेचे. वय एकतीस, कारखाने जोरात, आणि अर्धशिशी अशी की मॉर्फिनच्या इंजेक्शनांपर्यंत मजल गेलेली. गोयंकांनी आपलं दुखणं सांगितलं आणि गुरूंनी नकार दिला. डोकेदुखीवर औषध म्हणून येणार असाल तर येऊ नका, हे त्यासाठी नाही. मन निर्मळ करायला या. बरोबर डोकं बरं झालं तर झालं. एवढा बडा व्यापारी दारात आला असताना त्याला परत पाठवायला जिगर लागते. आज ताणमुक्ती, झोप, एकाग्रता, ‘कार्यक्षमतेत वाढ’ या नावांखाली ध्यान विकलं जातं, त्या सगळ्यांनी हा नकार एकदा वाचावा. चौदा वर्षं गोयंका शिकत राहिले, मधल्या काळात ब्रह्मी सरकारनं त्यांचे कारखाने ताब्यात घेतले, आणि 1969 मध्ये आजारी आईसाठी ते भारतात आले. जुलैमध्ये मुंबईत एका धर्मशाळेत पहिलं शिबिर झालं. माणसं चौदा, त्यात त्यांचे आई-वडील. पुढचं इगतपुरीचं केंद्र, गोराईचा आठ हजार माणसं बसतील असा एकाही खांबाविना उभा असलेला पगोडा, 2012 चं पद्मभूषण हे सगळ्यांना माहीत आहे. पगोडा भव्य आहे, मीही तोंड वासून वर पाहिलंय. तरी मला जयपूरच्या तुरुंगातली ती खोली पगोड्यापेक्षा मोठी वाटते.

आता पैशाकडे येतो. तो विषय सोडला तर माझी पेन्शन लाजेल.

दहा दिवसांच्या शिबिराला फी नसते. राहणं, जेवण, शिकवणं, कशालाच नाही. दान घेतात, पण ज्यानं एक तरी शिबिर पुरं केलंय त्याच्याकडूनच. म्हणजे पहिल्यांदा बसणारा माणूस, मग तो कारखानदार असो की हमाल, आपल्या आधी बसून गेलेल्या कुणा अनोळखी माणसाच्या पैशावर जेवतो. तो कोण हे त्याला कधीच कळत नाही, आभारही मानता येत नाहीत. फेडायचं तर पुढच्या अनोळखी माणसासाठी. सहायक आचार्यांना मानधन नाही, त्यांचा चरितार्थ दुसरीकडून चालायला हवा ही अट. स्वयंपाकघरात, कचेरीत, संडास धुवायला जे असतात ते धम्मसेवक; तेही जुने साधकच आणि तेही फुकट.

हा व्यवस्थेचा भाग झाला, शिकवण वेगळी, असं लोक धरून चालतात. माझं मत उलट आहे. हा हिशेबच निम्मी शिकवण आहे. मोबाइलमधल्या अ‍ॅपनं श्वासाचा भाग उचलला, पंचशील वगळलं, सेवा वगळली, दान वगळलं आणि वर मासिक वर्गणी लावली. जमेची बाजू तेवढी फाडून घेतली आणि खर्चाची बाजू कचऱ्यात टाकली तर त्या कागदाला ताळेबंद कोण म्हणेल?

हे मला कळलं ते तिसऱ्या खेपेला, सेवेला गेलो तेव्हा. दोन शिबिरं साधक म्हणून बसलो होतो आणि आपल्याला समता, म्हणजे सुखदुःखात मन न ढळणं, म्हणजे काय ते समजलंय असा माझा समज होता. स्वयंपाकघरात पहाटे चारच्या घंटेच्याही आधी दिवा लागतो. साडेसहाला सव्वाशे माणसांची न्याहारी तयार हवी, अकराला जेवण. जुने साधक त्यानंतर दिवसभर खात नाहीत, संध्याकाळी लिंबूपाणी; नव्यांना चहा आणि फळं. आमच्यात एक गृहस्थ होते, अनेक शिबिरं केलेले. अधिष्ठानात, म्हणजे न हलण्याचा निश्चय करून बसायच्या बैठकीत, तासभर बोटही न हलवणारे. तिसऱ्या दिवशी मी त्यांचा झारा उचलून दुसऱ्या पातेल्यात घातला. झारा! त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. “इथला झारा इथंच राहतो,” ते म्हणाले. मी म्हटलं, “झाऱ्यावर नाव नाहीये तुमचं.” साधकांना मौन, सेवकांना कामापुरतं बोलायची मुभा, त्या मुभेचा आम्ही पुरेपूर लाभ घेतला. डाळ खाली लागली. सव्वाशे मौनी माणसांनी ती करपट डाळ मुकाट्यानं खाल्ली, आणि रात्री नऊला मंगल मैत्रीसाठी, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायला, बसलो तेव्हा ‘सर्वांचं मंगल होवो’ म्हणताना आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहायचं टाळत होतो.

दोन शिबिरांत वीस दिवस डोळे मिटून मला स्वतःविषयी जे कळलं नव्हतं ते एका झाऱ्यानं सांगितलं. गादीवर माणूस स्वतःचा परीक्षक असतो, आणि स्वतःच स्वतःचं लेखापरीक्षण करणाऱ्या कार्यालयांचा मला चांगला अनुभव आहे. सेवेत परीक्षक समोरचा असतो. म्हणून साधना आधी, सेवा नंतर, जमली तर, ही मांडणी मला पटत नाही. सेवा झाल्याशिवाय साधनेच्या नोंदी खऱ्या की उचंत खात्यात, म्हणजे खातरजमा व्हायच्या रकमांत, पडलेल्या, ते कळायला मार्गच नाही.

पण म्हणून सेवा कुंपणाच्या आत संपावी का?

बुद्धानं पहिल्या साठ भिक्खूंना वर्षावासानंतर सारनाथहून बाहेर पाठवलं, बहुजनांच्या हितासाठी, सुखासाठी फिरत राहा म्हणून. दोघांनी एका वाटेनं जाऊ नका, हेही बजावलं. सगळे अर्हत, म्हणजे मुक्त झालेले, त्यांचं स्वतःचं काम झालेलं होतं. काम झालेल्या माणसांनाच त्यानं कामाला लावलं. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आणखी एक प्रसंग आहे, तो तर भाषांतराविना समजतो. एका विहारात एक भिक्खू अतिसारानं आपल्याच घाणीत पडलेला होता. बुद्धानं विचारलं, तुझी शुश्रूषा कोण करतं? कुणी नाही. का? मी बाकीच्यांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून. बुद्धानं आनंद या आपल्या शिष्याला पाणी आणायला लावलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदानं धुतलं, एकानं डोक्याकडून आणि एकानं पायांकडून धरून त्याला मंचकावर ठेवलं. मग संघ बोलावला आणि विचारलं, तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर करणार कोण? ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी.

बाकीचे भिक्खू त्या वेळी काय करत होते हे ग्रंथ सांगत नाही. माझा अंदाज आहे, ध्यान करत असतील.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत जे चार प्रश्न टाकले त्यातला शेवटचा हाच. बुद्धानं भिक्खू निर्माण केला तो कशासाठी? परिपूर्ण माणूस म्हणून की समाजसेवक म्हणून? तो नुसता परिपूर्ण असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, कारण परिपूर्ण असूनही तो स्वार्थीच. समाजसेवक असेल तर बौद्ध धम्माला आशा आहे, असं ते लिहितात. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला लाखो लोकांनी दीक्षा घेतली ती श्वास बघायला मिळावा म्हणून घेतली नव्हती. आंबेडकरी चळवळीतले कितीतरी कार्यकर्ते म्हणूनच विपश्यनेकडे संशयानं पाहतात. डोळे मिटले की अत्याचार दिसेनासा होतो, संतापाची धार जाते, हा त्यांचा आक्षेप. मला तो गंभीर वाटतो. त्याच वस्त्यांतली माणसं इगतपुरीला जातात, दारू सोडून येतात, हेही मी पाहिलंय. त्यामुळे आक्षेप खोटा ठरत नाही; फक्त एकरेषी राहत नाही, इतकंच.

साधकांकडून यावर एक ठरलेलं उत्तर येतं. आमचं काम माणसाचं मन बदलण्याचं, समाज त्यातून आपोआप बदलेल. दवाखान्यानं रस्ते बांधावेत अशी अपेक्षा कुणी करतं का? उत्तर चलाख आहे, आणि जयपूरला स्वतः गोयंकांनीच ते खोडून काढलंय. बेड्या हा तुरुंग खात्याचा विषय होता. ‘आमचं काम मनाचं’ म्हणून ते बेडीतल्या माणसांना बेडीसकट शिकवू शकले असते. मन तर बेडीतही असतंच. तेव्हा ते तसं वागले नाहीत. ‘आपोआप’ या शब्दावर तर माझा जन्मजात राग आहे. चाळीस वर्षांच्या नोकरीत कुठलीही वसुली आपोआप झालेली मी पाहिली नाही.

तिहारचं उदाहरण लोक नेहमी देतात, पण अर्धंच. किरण बेदी 1993 मध्ये तिथे महानिरीक्षक झाल्या, आणि एप्रिल 1994 मध्ये गोयंकांच्या उपस्थितीत हजारावर कैद्यांचं शिबिर झालं. चित्र डोळ्यांत भरणारं होतं, जगभर गेलं. पण त्याच कार्यकाळात बेदींनी तुरुंगात फिरती तक्रारपेटी सुरू केली होती, शिकवण्याचे वर्ग चालवले होते, आणि तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेला पाठवलं होतं. किल्ली हातात असलेल्याला श्वास शिकवला आणि कुलपाआडच्याला तक्रारीची जागा दिली. हा भाग वजा करून नुसता मंडपातल्या हजार मिटल्या डोळ्यांचा फोटो उरला की सरकारांना तो फार आवडतो. का आवडणार नाही? ध्यान स्वस्त पडतं. देशातल्या तुरुंगांत आज दर चारांतले सुमारे तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे गुन्हा शाबीत व्हायचाय. त्यातल्या कित्येकांना जामीन मिळूनही भरायला पैसे नसतात. अशा माणसाला ‘अनित्य, अनित्य’ शिकवणं चूक नाही. त्याची तारीख कधी लागणार हे न विचारता शिकवणं चूक आहे. तो तुरुंग अनित्य आहे हे त्यानं नव्हे, न्यायव्यवस्थेनं सिद्ध करायचंय.

महाराष्ट्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजा देतं. चांगली गोष्ट, मीही घेतली. पण एका कार्यालयाच्या तपासणीत मी एका अधिकाऱ्याकडे बसलो होतो. नावाजलेले साधक, सकाळ-संध्याकाळ तासभर बैठक चुकत नाही असं कौतुकानं सांगणारे. त्यांच्या टेबलावर डाव्या हाताला एका शिपायाच्या विधवेची कुटुंबनिवृत्तिवेतनाची फाइल होती. एका दाखल्यावरचं नाव आणि सेवापुस्तकातलं नाव यांत एका वेलांटीचा फरक. अकरा महिने. बाई चार वेळा येऊन गेल्याची नोंद आत होती. मी विचारलं तर ते अगदी शांतपणे, मनापासून शांतपणे म्हणाले, “होईल हो, सगळं आपल्या वेळेनं होतं.” ती शांतता ऐकून माझ्या अंगावर काटा आला. चिडखोर अधिकारी असता तर निदान कारकुनावर ओरडून फाइल हलवली असती. ऊ बा खिन यांच्या कचेरीत ध्यानाला बसणाऱ्याला अशी फाइल अकरा महिने ठेवता आली असती असं मला वाटत नाही.

शाळांमधूनही आनापान शिकवलं जातं. दहा मिनिटं मुलं श्वास बघतात, वर्गात जरा शांतता येते, शिक्षकांना बरं वाटतं. माझी त्याला हरकत नाही, फक्त शिक्षकांच्या रिकाम्या जागा आणि गळकं छप्पर यांचा पर्याय म्हणून ते येऊ नये. आणि ध्यान सगळ्यांना सारखंच मानवतं हेही खरं नाही. काहींना त्यातून भीती, निद्रानाश, जुन्या जखमांची उकळी असे त्रास होतात. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये साधकांच्या मुलाखतींवरून अशा अनुभवांची तपशीलवार नोंद केली आहे. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात ते याचसाठी. ‘तुम्ही आत्ता बसू नका’ हे सांगणं, माणसाला डॉक्टरकडे पाठवणं, हीसुद्धा आचार्याची सेवाच. सक्ती आली की ते सांगायची सोय जाते.

मग आचार्यांनी मोर्चे काढावेत का? नाही, तसलं काही मी म्हणत नाही. ज्या दारातून ध्यान आत नेलं जातंय त्या दारात उभं राहून एक प्रश्न विचारावा, एवढंच. तुरुंगाधिकाऱ्याला विचारावं, किती जण जामिनाच्या पैशांवाचून आत आहेत? त्यांची यादी विधी सेवा प्राधिकरणाकडे गेली का? कंपनीला विचारावं, ज्या ताणावर ध्यान हवंय तो ताण कुणी तयार केला, आणि कंत्राटी कामगारांनाही दहा दिवसांची पगारी रजा आहे का? उत्तर मिळालं नाही तर शिबिर देऊ नये. ज्यांची फीच नाही त्यांना नकार द्यायला कसली भीती? फी न घेण्याचा खरा उपयोग मला इथं दिसतो. ज्याचं कुणी काही देणं लागत नाही त्यालाच सरकारला बेड्या काढा म्हणता येतं. गेल्या कित्येक वर्षांत या स्वातंत्र्याचा वापर फार कमी झाला. कमावलेली ठेव नुसती पडून आहे.

सेवेच्या त्या शिबिरात शेवटच्या दिवशी, हा हिशेबातला माणूस म्हणून, मला दानाच्या टेबलावर पावत्या फाडायला बसवलं. झारावाले गृहस्थ शेजारी, पैसे मोजायला. दहाव्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकांना चहा आणून देण्याइतके सुधारलो होतो. बरीच माणसं येऊन गेली. मग एक पंचविशीतला मुलगा आला, घडी घालून घालून मऊ झालेली दहाची नोट पुढे केली आणि म्हणाला, “एवढंच चालंल का?” मी म्हटलं, चालेल. पावती सगळ्यांची असते तशीच, फक्त रकमेच्या जागी अक्षरी रुपये दहा. ती त्यानं नीट खिशात ठेवली. जायला निघाला आणि परत वळला.

“पुढल्या शिबिराला सेवेला आलं तर चालतं का? पैसं नाहीत, पण वेळ लई हाय.”

मी सेवेचा अर्ज पुढे केला. नाव, गाव, वय त्यानं भरलं. व्यवसायाच्या रकान्यावर पेन जरा थांबलं, मग तो रकाना तसाच सोडून त्यानं खाली सही केली. अपुरा अर्ज मी आयुष्यात कधी स्वीकारला नव्हता. तो मी घेतला.